बिनआरशाच्या कॅमेऱ्यातला पांढरा कांदा

परवा पेणहून एसटीने परतताना कार्लेखिंड उतरल्यावर रस्त्याकडेला यंदाची पहिली माळ दिसली. दोन बांबू रोवलेले, त्यांच्यावर आडवी काठी आणि तिला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या दहा-बारा माळा. मी खिडकीतून इतकी बाहेर वाकले की मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, मान आत घ्या, डंपर येतोय." मान आत घेतली, पण मन काही आत येईना. कांद्याचा हंगाम सुरू झाला की मला दरवर्षी असंच होतं. अलिबागच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळणारी मी बाई, वय अठ्ठेचाळीस, जिने चढताना गुडघे कुरकुरतात; पण त्या माळा दिसल्या की मला शाळा लवकर सुटल्यासारखं वाटतं.

घरी पोचले आणि चप्पल काढायच्या आधी कॅमेऱ्याचा डबा काढला. होय, डबा. माझा कॅमेरा कपाटात नसतो, स्वयंपाकघरातल्या फळीवर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतो. आमच्याकडची हवा खारी आणि ओलसर. पावसाळ्यात भिंतीला, चपलांना, लग्नाच्या अल्बमला, सगळ्यालाच बुरशी धरते, तिथे लेन्सची काय कथा. कॅमेरा घेतला त्या वर्षी कुणीतरी सांगितलं, हवाबंद डब्यात ठेवा, सोबत पुरचुंडीत भाजलेले तांदूळ ठेवा. मी घरातला सगळ्यात हवाबंद डबा शोधला, तीनदा घासला, उन्हात वाळवला आणि कॅमेरा आत ठेवला. त्या डब्यात आधी सोडे असायचे. सोलून सुकवलेली ती कोळंबी काय चीज आहे हे ज्याच्या घरात शिजते त्यालाच ठाऊक. चार महिन्यांनी झाकण उघडलं तेव्हा बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला जो वास लागला होता तो आज बारा वर्षांनीही जागेवर आहे. एका लग्नात मी नवरीचा फोटो जवळून घ्यायला गेले, तर ती बिचारी नाक न मुरडता हसायचा प्रयत्न करत होती. तिच्या अल्बममध्ये तिचं तोंड तसंच आलं आहे.

माझी मुलगी प्रज्ञा एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजात शिकते, मोबाईलवर छोटे व्हिडिओ करते आणि माझ्या कॅमेऱ्याला 'सोडेमास्तर' म्हणते. तिचं म्हणणं, आता नवीन कॅमेरा घ्यायचा आणि हा बदल्यात देऊन टाकायचा. मुंबईतलं दुकान तिने शोधून ठेवलं होतं, रविवारची मांडव्याची बोट ठरवली होती आणि दुकानाचा ऑनलाइन फॉर्म उघडून माझ्यापुढे ठेवला होता. "आई, तूच भर. आणि खरं खरं लिही." फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न वस्तूच्या अवस्थेचा: उत्तम, चांगली, बरी की वाईट. बारा वर्षं जे गळ्यात बाळगलं त्याला 'बरी' म्हणायला माझं बोट धजेना.

तरी खरं बोललं पाहिजे. हा कॅमेरा नवा होता तेव्हाही त्याच्या कंपनीच्या रांगेतला शेवटचाच, शिकाऊ लोकांसाठी काढलेला. चालू केल्यावर जागा व्हायला दोन श्वास घेतो. फोकस करताना लेन्स आधी पुढे जाते, मग मागे, मग परत पुढे, पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यासारखी. आणि तोवर बगळा उडून गेलेला असतो. आताचे कॅमेरे म्हणे पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवतात. माझ्या कॅमेऱ्याला माणसाचं तोंड ओळखता येतं, तेही समोरून, उजेडात आणि त्याची मर्जी असेल तर. एकदा विहाराच्या ओट्यावर सगळ्या बायकांना ओळीने बसवून फोटो घेत होते, तर याने नेमका भिंतीवरच्या विजेच्या मीटरभोवती चौकोन काढला. सोळा मेगापिक्सेल, आणि प्रज्ञाच्या फोनला पन्नास. दिवेलागणीला फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. स्क्रीन वळत नाही, बोट लावलं तर ढिम्म हलत नाही.

आणि डोळा लावून बघायची खिडकीच नाही. उन्हात स्क्रीनमध्ये आपलंच तोंड दिसतं. म्हणून शेतात फोटो काढायचे तर मी डोक्यावरून ओढणी घेते, कॅमेरा आत घेते आणि तंबूतून बघते. माझ्या वहिनीने, म्हणजे थोरल्या दादाच्या बायकोने, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बांधावर उभी राहून विचारलं, "वन्सं, फोटू काढताय का वाफारा घेताय?"

मग तिला सांगायला गेले की याला मिररलेस म्हणतात, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत आत आरसा असायचा, यात तो नसतो. वहिनीने यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आरसा न्हाय तर मग ह्यो बघतो कशात?"

तो बारा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. कॅमेरा घेऊन आठ दिवस झाले होते आणि मी रजा टाकून माहेरी गेले होते. प्रज्ञा सात वर्षांची, शेतात अनवाणी हुंदडत होती. भाताचं रान नोव्हेंबरात मोकळं झालं की त्याच ओलीवर आमच्याकडे कांदा लावतात आणि माघ संपता संपता तो काढतात. सकाळी सातला बांधावर उभं राहिलं की पायाला दव लागायचं. कांद्याची पात माना टाकून आडवी झालेली. वहिनी ओळीने वाकून कांदे उपटत जायची, माती झटकायची आणि मागे टाकायची. प्रत्येक उपटण्याला माती सुटल्याचा एक बारीक आवाज यायचा, तो दुसरं काहीच चालू नसेल तरच ऐकू येतो. दहा वाजले की समुद्राकडून वारा फिरायचा आणि सगळ्या रानावर हिरवा, ओला, किंचित गोड वास पसरायचा. हा कांदा तिखट नसतो. आमच्यात लहान मुलं तो नुसता खातात. मी त्या आठवड्यात चार कांदे खाऊन दुपारच्या भाकरीला नको म्हटलं आणि आईचा ओरडा खाल्ला.

संध्याकाळी अंगणात माळा विणायला बसायचं. पात तोडायची नाही. ती वाळली की तिचीच वेणी घालायची, आणि वेणीत कांदा बसतो तो त्याच्या मानेवर. सगळी किमया मानेत. मान जाड असली तर वेणी फुगते, कांदा निसटतो आणि दोन महिन्यांत सडतोही. आमच्या घरच्या कांद्याची मान बारीक, आणि त्याचा आईला कोण गर्व. कुणी माळ बघायला आलं की ती आधी कांदा दाखवायचीच नाही, मान दाखवायची. "मान बगा मान. कांद्याला हाय, तेवढा माणसालाबी नसतो." तिचा हा विनोद ठरलेला होता, आणि त्यावर दरवेळी सगळ्यात आधी हसायचीही तीच.

मी त्या आठवड्यात पाचशेच्या वर फोटो काढले. काय ती धुंदी होती. चौदा वर्षं कचेरीत लोकांच्या अर्जांवर शिक्के मारल्यावर पहिल्यांदा असं काही हातात आलं होतं की जे माझ्या बोटावर चालतं. वेणीवरचे हात, पातीतून येणारं ऊन, ढिगावर झोपलेलं मांजर, जे दिसेल ते मी टिपलं. फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि माझं तोंड उतरलं. एकूण एक कांदा राखाडी.

तेव्हा मला माहीत नव्हतं, पण शिकाऊ माणसाची ही पहिली ठेच. कॅमेऱ्याची समजूत असते की जगातलं सगळं मध्यम आहे, ना फार पांढरं ना फार काळं. समोर पांढऱ्या कांद्याचा ढीग ठेवला, वर माघातलं ऊन, की तो घाबरतो आणि उजेड कमी करून टाकतो. मग पांढऱ्याचं राखाडी होतं. आपण त्याला सांगायचं असतं, बाबा रे, घाबरू नको, हे खरोखरच पांढरं आहे. त्यासाठी एक चकतीसुद्धा दिलेली असते. मी ती फिरवली नव्हती, कारण ती कशासाठी आहे हे वाचायचा कंटाळा केला होता. वहिनीने स्क्रीनवर बघून एवढंच विचारलं, "कांदं चुलीतनं काढल्यात का?" आई स्क्रीनकडे पाठ करून पुन्हा वेणी घालायला बसली, आणि मला ते जास्त लागलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. कुठलं तरी बटण दाबलं गेलं होतं आणि प्रत्येक फोटो दोनदा साठत होता; एकदा नेहमीसारखा आणि एकदा 'रॉ', म्हणजे कच्चा. त्यामुळे कार्ड सारखं भरायचं आणि मी कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. त्या कच्च्या फायली आमच्या कॉम्प्युटरवर उघडतच नव्हत्या. पुसून टाकायचा आळस म्हणून सगळंच एका डिस्कवर टाकलं, वर चिकटपट्टी लावून 'कांदा' लिहिलं आणि विसरले.

हे सगळं आता का सांगतेय, तर शुक्रवारी संध्याकाळी मी त्या फॉर्मपुढे बोट धरून बसले असताना वहिनीचा फोन आला. तिने आधी प्रज्ञाची चौकशी केली, मग दादाच्या खोकल्याचं सांगितलं आणि मग म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या डब्यातल्या यंत्रात आपला जुना कांदा हाय का?"

मला कळेना. मग तिने सांगितलं.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये ते वादळ आलं तेव्हा आमच्या माहेरचं छप्पर गेलं. आढ्याला बियाण्याचे कांदे टांगलेले होते. कांद्याचं असं असतं की आधी निवडक कांदा जपायचा, तो दिवाळीच्या सुमाराला पुन्हा लावायचा, त्याला बोंडं येतात, आणि त्यातून बी मिळतं. ते बी फार टिकत नाही, म्हणून दरवर्षी नव्याने धरायचं. एक वर्ष हुकलं की साखळी तुटली. आमची तुटली. सगळे कांदे चार दिवस पावसात भिजले आणि सडले. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, त्यामुळे तिला हे बघावं लागलं नाही, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो. नंतर वहिनीने बाहेरून बी आणलं. कांदा यायचा, पांढराच यायचा, पण गोल, जाड मानेचा. दर हंगामात ती माळ विणताना पुटपुटायची, "ह्यो आपला न्हाय."

मला वाटायचं, कांदा तो कांदा. गावाचा कांदा एक असतो हे मला पटायचं. प्रत्येक घराचा वेगळा असतो हे वहिनीचं खूळ वाटायचं.

आणि मग माझी थोरली ताई. ती मुरुडकडे दिलेली. आईने तिच्या लग्नात बी बांधून दिलं होतं आणि ताई परसात दोन वाफे दरवर्षी धरत आली होती, कुणाला न सांगता, फक्त आमटीपुरते. वहिनीला हे गेल्या वर्षी कळलं. ती मुरुडला जाऊन ताईकडून मूठभर बी घेऊन आली, एकाच वाफ्यात वेगळं लावलं, आणि आता तो वाफा काढून अंगणात पसरला होता. पण ताईच्या शेजाऱ्यांकडे लाल कांदा. मधमाशी काही कुंपण मानत नाही. मिसळ झाली असेल तर? रविवारी सकाळी माळा विकत घेणारा माळावाला येणार होता. जे बियाण्याला ठेवायचं ते त्याच्या आधी बाजूला काढायला हवं होतं, आणि चुकीचा कांदा धरला तर पुढे जन्मभर चुकीचाच येत राहणार होता.

"खाऊन बघ की," मी म्हटलं.

"तुमचं दादा म्हन्तात तोच हाय. ताई म्हन्तात तोच हाय. पन त्यांस्नी पायजेच हाय ना तो असायला." मग ती म्हणाली, "आनि मला काय कळतंय, वन्सं."

हे मी विसरले होते याची मला लाज वाटली. वादळाच्या नंतरच्याच त्या साथीत वहिनीचा वास गेला तो पुरता परतलाच नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. तिला मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी सगळं सारखंच. जिने डोळे मिटून कांदा कुठल्या वाफ्यातला ते सांगितलं असतं, तिच्याकडे आता डोळे आणि बोटं उरली होती. घरात येऊन माझा कॅमेरा हातात घेणारी आणि नाक न मुरडणारी तीच एकटी आहे, आणि त्याचंही कारण हेच.

फोन ठेवला आणि मी डिस्क शोधायला लागले. ती शिलाईच्या डब्यात सापडली. आधी नेहमीचे, जेपेग फोटो उघडले, राखाडी, चपटे, मळकट कांदे. त्या वर्षीच्या माझ्या फोनमधले फोटो तर नखाएवढे. मी निराश होऊन बसले होते, तेवढ्यात प्रज्ञा मागून म्हणाली, "आई, या दुसऱ्या फाईल्स रॉ आहेत. तू तेव्हा रॉ काढायचीस?"

"चुकून," मी म्हटलं.

तिने एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं, एक कच्ची फाईल उघडली आणि उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवली. मी ते दृश्य कधी विसरणार नाही. राख झटकली गेली आणि आतून कांदा आला. पांढरा, ओलसर चमक असलेला, आणि त्याच्या सालीवर मानेपासून खाली उतरत गेलेल्या बारीक हिरवट शिरा, एकूण एक. प्रज्ञाने आणखी मोठं केलं. मानेवरचा मातीचा कण दिसला. ती खुर्चीवरून उठलीच. "तू अंडरएक्स्पोज केलंस, उजेड कमी घेतलास, म्हणून वाचलंय हे. नीट काढला असतास ना, तर उन्हात हा पांढरा फुटला असता. शिरा गेल्या असत्या. काहीच उरलं नसतं." बारा वर्षं जी चूक मी मनातल्या मनात लपवत आले होते, तिच्याबद्दल माझी लेक मला शाबासकी देत होती. मला हसू आवरेना. मी तिला म्हटलं, आता हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं ते सांग.

शनिवारी सकाळी लॅपटॉप, कॅमेरा आणि आम्ही दोघी माहेरी. वहिनीने अंगण सारवून ठेवलं होतं आणि वाफ्यातला सगळा कांदा गोणपाटावर पसरला होता. प्रज्ञाने आधी फोनने एका कांद्याचा फोटो काढला. फोटो सुंदर आला. गुळगुळीत, गोरापान, शिरांचा पत्ता नाही.

वहिनीने तो पाहिला. "ह्येला पावडर कोनी लावली?"

"फोन आपोआप करतो, मामी."

"का? कांद्याला बगायला पावनं येनार हायत?"

म्हणून जुनाच कॅमेरा काढावा लागला. प्रज्ञाने फाईलच्या पोटात लिहिलेली सगळी माहिती वाचली. किती वाजता काढला, लेन्सचं तोंड किती उघडं होतं, किती उजेड घेतला. वहिनी थक्क झाली. "ह्येला समदं याद हाय?" तेच आकडे लावले, तीच वेळ साधली, तेच अंगण, तोच गोणपाट. मी ओढणीच्या तंबूत शिरले. चकती फिरवायची कशी ते मला आता झोपेतही येतं, पण मी ती हात न लावता तशीच ठेवली आणि जाणूनबुजून राखाडी फोटो काढला. लेन्स पुढे गेली, मागे गेली, परत पुढे गेली. मी तिला मनातल्या मनात म्हटलं, घे, सावकाश घे, हा काही बगळा नाही.

मग लॅपटॉपवर दोन चौकटी शेजारी-शेजारी. डावीकडे बारा वर्षांपूर्वीचा, उजवीकडे आजचा. डावीकडच्या फोटोत कांदा आईच्या हातात होता. तो फोटो मी काढला तेव्हा आईचं तोंड चौकटीबाहेर गेलं होतं आणि त्याचा मला कायम राग यायचा. नुसता हात आला होता, पातीने काळा पडलेला अंगठा मानेवर टेकलेला. वहिनी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, माझेही भरले, आणि दोघींनीही ते लपवलं नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं, ढिगातला एक कांदा उचलला आणि स्वतःचा अंगठा तसाच मानेवर टेकवला.

"जाड हाय," ती म्हणाली आणि कांदा उजवीकडे टाकला.

दुसरा उचलला, शिरा बघितल्या, उजवीकडे. तिसरा, उजवीकडे. मधमाशीने आपलं काम केलं होतं. चौथा मात्र तिने हातातच ठेवला. स्क्रीनकडे बघितलं, कांद्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. अंगठा मानेवरून फिरवला. चपटा, शिरा अगदी तशाच, आणि मान दोन बोटांच्या चिमटीत मावणारी.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्यो आपला."

त्यानंतर आम्ही थांबलोच नाही. प्रज्ञा फोटो मोठे करून दाखवत होती, मी शंका आलेल्या कांद्याचा फोटो काढत होते, वहिनी निवाडा करत होती. दादा मध्येच येऊन एक कांदा हळूच डावीकडे सरकवायला लागला, तर वहिनीने त्याच्या हातावर चापट मारली. दुपारी बॅटरी संपली, पण तोवर बोटांना इतकी ओळख पटली होती की वहिनी स्क्रीनकडे न बघताच निवडत होती. जेवायची आठवण कुणालाच राहिली नाही. शेवटी डावीकडे एक टोपली जमली. उजवीकडचा ढीग तिच्या दसपट होता. मला वाईट वाटलं, वहिनीला अजिबात नाही. ती त्या टोपलीकडे अशी बघत होती की मला तिचा हेवा वाटला. घराघराचा कांदा वेगळा असतो हे मला त्या दिवशी पटलं, आणि इतकी वर्षं मी तिला खुळी समजत होते हेही मी तिला सांगून टाकलं. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

प्रज्ञाने तिथेच बसून रविवारची बोट रद्द केली. "पुढच्या वर्षीही मॅच करायचं असेल तर हाच कॅमेरा लागणार. पण आई, याचा फोकस भिकार आहे म्हणजे आहे." मला ते मान्य आहे.

निघताना वहिनीने माझी ओढणी ओढली, तिची झोळी केली आणि टोपलीतले कांदे त्यात घालायला लागली. एक एक, मान वर करून. मी म्हटलं, "अगं, पुरेत खायला." ती म्हणाली, "खायाचं न्हाईत. लावायचं हायत. दिवाळी हुईस्तवर टांगून ठेवायचं, मग कुंडीत लावायचं. बोंड आलं की मला बोलवा."

"वहिनी, माझ्या गॅलरीत कोथिंबीरसुद्धा जगत नाही."

"जगवायची. एका घरात हुता म्हनून गेला. ताईंकडं हुता म्हनून परत आला. आता तिसऱ्या घरात असू दे."

ताईच्या लग्नात आईने बी बांधून दिलं, तसं माझ्या लग्नात दिलं नव्हतं. तू कचेरीतली, फ्लॅटवाली, तुला गं कुठे माती, असं म्हणाली होती, आणि मी हसले होते. पंचवीस वर्षं मी समजत होते की मला त्याचं काही वाटलं नाही. त्या अंगणात, भरलेली ओढणी पोटाशी धरून उभी असताना कळलं की वाटलं होतं, फार वाटलं होतं. मी वहिनीचे नीट आभारही मानू शकले नाही. हात जोडायला गेले, तर ते कांद्यांत अडकलेले होते.

खिंडीजवळच्या थांब्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो. प्रज्ञाच्या गळ्यात कॅमेरा, माझ्या ओढणीत कांदे. एक मोठी गाडी आमच्यापुढे थांबली, काच खाली झाली आणि आतल्या बाईंनी गॉगल वर करून विचारलं, "काकू, हे कसे दिले?"

"विकायचे नाहीत," मी म्हटलं. "बियाण्याचे आहेत. आमच्या घरचे."